तेरा दिवसांचं धरणं

घड्याळ काढून ठेवा, चष्मा असेल तर तोही. धोतर, बाराबंदी आणि खांद्यावर घोंगडी एवढं पुरे. बाईमाणूस असाल तर जाडंभरडं लुगडं आणि गळ्यात तुळशीची माळ. कुणी गाव विचारलंच तर जुन्नर सांगा. जुन्नरचा हातकागद या मुलखात सगळीकडे जातो, त्यामुळे कागदाचं ओझं पोचवून परतणारं माणूस कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पथ्य एकच आहे. पुढं काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे. ते तोंडातून निघता कामा नये. इथं आज कुणालाच ते ठाऊक नाही, आणि ज्याच्यासाठी तुम्ही आलात त्याला तर मुळीच नाही.

आळंदी पहाटेच मागं पडली. इंद्रायणीच्या काठाकाठानं तुम्ही प्रवाहाच्या उलट वर चालताय. मुलूख विजापूरच्या आदिलशाहीतला, जहागीर शहाजीराजांची. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरला त्याला काही वर्षं झाली. आता तिथं दादोजी कोंडदेव उजाड मुलखात रयतेला बोलावून बोलावून वसवताहेत, आणि जिजाऊंच्या नजरेखाली एक मुलगा वाढतोय. तिकडं वळायचा मोह होईल. वळू नका. त्याला बघायला जाणारे पुष्कळ आहेत.

वाटेत पडकी घरं लागतात. धाबं खचलेलं, जोत्यावर गवत माजलेलं. १६३० च्या दुष्काळात इथून उठून गेलेली माणसं परत आलीच नाहीत. ज्याच्या गावी तुम्ही निघालात त्याचंही अर्धं घर त्या दुष्काळानं नेलं. थोरली बायको उपासमारीत गेली, धंदा बसला, चार माणसांत तोंड दाखवायची सोय उरली नाही. हे त्यानं स्वतःच एका अभंगात सांगून ठेवलंय, कसलीही सजावट न करता, खातेवहीत बुडीत रक्कम लिहावी तसं.

देहूत शिरता तेव्हा ऊन कललेलं असतं. बाजाराची दुकानं उघडी, पण गल्ल्यावर कुणी नाही. सगळं गाव डोहाच्या बाजूला. काठावर माणसं घोळक्याघोळक्यानं उभी आहेत आणि कुणीच पाण्यात उतरत नाही. घागर अर्धी भरून थांबलेल्या एका बाईला तुम्ही विचारता, काय झालं?

“वह्या गेल्या.”

“कुणाच्या?”

तुम्ही परगावचे, हे तिला तेवढ्यावरून कळतं. “आमच्या तुकोबांच्या. आपल्याच हातांनी बांधल्या, वर-खाली दगड लावले, अन् दिल्या सोडून.”

गाथेची छापील प्रत घरात असते म्हणून ‘वह्या’ म्हटल्यावर काय गेलं ते आपल्या चटकन लक्षात येत नाही. सरकारी खर्चानं तुकोबांची गाथा मुंबईत छापून निघायला अजून सव्वादोनशे वर्षं आहेत. ती १८६९ पासून पुढच्या काही वर्षांत येईल. आज जे आहे ते हातकागदाची पानं, काजळीची शाई आणि बोरू. एकेक अभंग कीर्तनात निघालेला, कुणीतरी बसून उतरवलेला. चाकणचे संताजी जगनाडे तेली हे अशा उतरवून घेणाऱ्यांपैकी. घाण्यावर राबणारा माणूस हातातलं तेल पुसून बोरू धरतो, तेव्हा एकेका पानाला किती वेळ गेला असेल याचा अंदाज करा. ते सगळं आता या डोहाच्या तळाशी.

घोळक्यांमधून फिरा आणि कान उघडे ठेवा. रडणारे आहेत. गप्प आहेत. आणि हसणारे आहेत, ते सगळ्यांत जास्त बोलतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की याला बुडवायची सवयच आहे. आधी संसार बुडवला, आता परमार्थही बुडवला. इकडचा राहिला नाही, तिकडचाही नाही. मग तुम्हाला जुनी गोष्ट ऐकायला मिळते. तुकोबांच्या घरात पिढ्यानपिढ्या महाजनकी. गावच्या बाजारपेठेचा मान त्यांचा, सावकारीही होती. लोकांकडून येणं असलेल्या रकमांची खतं घरात पडून होती. तुकोबांनी धाकट्या कान्होबाला त्यातली अर्धी वाटून दिली, कारण भावाच्या हिश्शाचं उदार होण्याचा अधिकार आपल्याला नाही हे त्यांना कळत होतं. आणि आपली अर्धी आणून याच नदीत टाकली. दुष्काळानं मोडलेल्या कुळांच्या डोक्यावरचं कर्ज त्या दिवशी वाहून गेलं.

त्या वेळी हात तुकोबांचा होता आणि मनही तुकोबांचं. आज हात त्यांचाच, हुकूम दुसऱ्याचा.

हुकूम वाघोलीचा. वाघोली इथून लांब, पुण्याच्याही पूर्वेला. तिथले रामेश्वरभट्ट म्हणजे व्युत्पन्न माणूस, शास्त्रात कुणी त्यांच्यापुढं बोलायचं नाही. त्यांच्या कानावर गेलं की देहूचा एक कुणबी, धंद्यानं वाणी, प्राकृतात असं काही बोलतो की त्यातून वेदाचा अर्थ निघतो, आणि ते ऐकायला ब्राह्मणही जातात, त्याच्या पाया पडतात. यातली कुठली गोष्ट त्यांना अधिक बोचली असेल? माझा अंदाज शेवटची. मग सूत्रं हलली. गावातून घालवून देण्याची बोलणी झाली, पाटील रागावला, गाव बिथरलं. आता खायचं काय, जायचं कुठं आणि या गावात राहायचं कुणाच्या जिवावर, असं विचारणारा तुकोबांचा अभंग आहे. संतपणाचा कुठलाही आव त्यात नाही, बायकापोरांच्या माणसाची धडधडीत भीती आहे.

आपल्या डोळ्यांसमोर अशा वेळी सालोमालो येतो. ‘प्रभात’च्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटानं मत्सराला असा चेहरा दिला की तो बघून हसूच येतं: दुसऱ्याचे अभंग आपल्या नावावर खपवणारा, डोळे मिचकावणारा. तसा शत्रू परवडतो. रामेश्वरभट्टांची गोष्ट निराळी होती. आपण कुणाचा हेवा करतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. धर्म बुडतोय आणि तो राखायची जबाबदारी आपल्यावर आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मत्सराला स्वतःचं नाव ठाऊक नसतं तेव्हा तो फार नेटानं काम करतो. त्याला रात्री झोपही शांत लागते.

तुकोबा लपले नाहीत. ते उठून वाघोलीला गेले. संतचरित्रकार महिपतींनी शंभरावर वर्षांनी, १७७४ मध्ये, ‘भक्तलीलामृत’ रचलं. त्यात ही भेट आहे. भट्टांपुढं तुकोबांनी कीर्तन केलं, आणि भट्टांनी सांगितलं की हे बोलण्याचा तुला अधिकार नाही, पुन्हा कवित्व करू नकोस. आणि आजवर लिहिलं गेलंय त्याचं? ते पाण्यात बुडव.

आणि त्यांनी बुडवलं. डोहाच्या काठावर उभं राहून तुम्हाला इथं पहिल्यांदा राग येईल, भट्टांचा नाही, तुकोबांचा. का ऐकलं? एवढी धारदार जीभ असलेला माणूस, पंडितांना, ढोंगी गोसाव्यांना, देवाच्या नावावर पोट भरणाऱ्यांना शालजोडीतले न देता सरळ जोड्यानं हाणणारा, तो एका शब्दावर वह्यांना दगड बांधतो? ब्राह्मणाच्या तोंडचं वचन मोडायचं नाही, हा त्या काळाचा धाक त्यात होताच. तो नव्हता असं म्हणून तुकोबांना आपल्या काळाचे करून घेण्यात अर्थ नाही. पण आणखी एक गोष्ट होती, आणि ती कळायला तुम्हाला रात्र होईपर्यंत थांबावं लागेल.

दिवेलागणीला देवळाकडे जा. विठ्ठल-रखुमाईच्या या मूर्ती तुकोबांच्या पूर्वजानं, विश्वंभरबुवांनी, आणून बसवलेल्या. मधल्या काळात देऊळ पडलं होतं. घरात दुष्काळ निवत नव्हता तेव्हा तुकोबांनी ते आधी उभं केलं. देवळासमोर एक शिळा आहे. तिच्यावर एक माणूस डोळे मिटून बसलाय. वय चाळिशीच्या आत-बाहेर, अंग काटकुळं. तुम्ही फोटोत पाहिलेला गोरापान, गंध लावलेला, वीणा घेतलेला चेहरा शोधत असाल तर तो इथं नाही. ऊन खाल्लेला, दाढीची खुंटं वाढलेला एक शेतकरी आहे.

शेजारच्या ओट्यावर एक म्हातारा वाणी पाय पसरून बसलाय. तुम्ही त्याच्याजवळ टेकता.

“ध्यान लावलंय का?” तुम्ही हळूच विचारता.

“ध्यान कसलं? धरणं धरलंय त्यानं.”

“कुणाच्या दारी?”

म्हातारा हनुवटीनं देवळाचं दार दाखवतो.

आपल्या काळात धरणं म्हणजे मंडप, फलक आणि संध्याकाळी सुटणारी मंडळी. या म्हाताऱ्यानं आयुष्यात धरणी बघितलीत ती वेगळी. येणं बुडवणाऱ्याच्या दारात सावकार जाऊन बसतो. खात नाही, पीत नाही, उठत नाही. तो उपाशी असेतो आतल्यालाही घास गिळता येत नाही, रीतच तशी. आणि बसलेला माणूस तिथं मेला तर ते पाप दाराच्या आतल्या माणसाच्या माथ्यावर. कोर्टकचेरी नसलेल्या गावातला हा शेवटचा तगादा. महाजनाच्या घरात जन्मलेल्या माणसाला तो शिकवावा लागत नाही.

आता तुकोबांची बाजू बघा. कवित्व करायला सांगितलं कुणी? त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, स्वप्नात नामदेव आले, सोबत पांडुरंगाला घेऊन आले, आणि राहिलेलं काम तू पुरं कर म्हणाले. तर काम सांगणारा विठोबा. बोलविणाराही विठोबा, आपल्या पदरचं यात काही नाही, हे ते पुन्हापुन्हा बजावत आले. मग माल बुडाला त्याचा जबाब कुणी द्यायचा? रामेश्वरभट्टांनी? त्यांच्याशी तुकोबांचा व्यवहारच नव्हता. वाघोलीच्या हुकमाशी ते भांडले नाहीत याचं कारण मला तरी हेच दिसतं. ज्याच्याशी करार, त्याच्याच दारात तगादा. ज्यांची खतं होती ती गरीब कुळं त्यांनी सोडली. हे एक मोठं कूळ मात्र सोडायचं नाही असं ठरवून ते बसलेत.

देवावर निष्ठा म्हटली की आपण मान खाली घातलेला, सगळं गोड मानून घेणारा माणूस डोळ्यांपुढं आणतो. या शिळेवर बसलेला माणूस तसा नाही. त्याची मान ताठ आहे.

पहिली रात्र तुम्ही जागून काढाल. दुसरीही काढाल. तिसऱ्या दिवशी तुमच्या लक्षात येईल की उपाशी माणसाकडे बघत बसणं हे फार कंटाळवाणं काम आहे. गावाच्याही ते लक्षात येतं. पहिल्या दिवशीचे घोळके पांगतात, मोटा चालू होतात, बाजारात घासाघीस ऐकू येते. काकडआरतीला येणारे त्यांना वळसा घालून आत जातात. कुणी पाण्याचा तांब्या जवळ ठेवतं. संध्याकाळी तो तसाच भरलेला असतो, वर एक पान पडलेलं. माणूस मरायला निघालाय याचीही गावाला तीन दिवसांत सवय होते.

तुकोबांच्या धाकट्या बायकोकडे, जिजाईंकडे, जाऊन यायला हवं. पुण्याच्या गुळव्यांची ही लेक. घर खातंपितं होतं, दिलेलं घरही सावकाराचं होतं. मग दुष्काळ आला, सवत गेली, नवरा भामचंद्राच्या नाहीतर भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसायला लागला आणि पोरांच्या पोटाची काळजी एकटीवर पडली. तोंडाळ म्हणून तिचं नाव गावभर. विठोबाला ती उघड शिव्या देते, ‘काळ्या’ म्हणते, माझा संसार यानं खाल्ला म्हणते. आणि त्याच विठोबाच्या नादी लागलेल्या माणसासाठी भाकरी बांधून डोंगर चढते. कीर्तनकारांनी पुढं तिच्यावर फार विनोद केले. आज तिच्या दारात उभे राहा आणि विनोद सुचतोय का बघा. चुलीवर पाणी उकळतंय आणि त्यात टाकायला काही नाही. विठोबाच्या दारात तगादा लावण्यात ती नवऱ्याच्या कितीतरी आधीपासून बसलीय, हे मात्र कुठल्या चरित्रात कुणी लिहिलेलं नाही.

सातवा, आठवा, नववा दिवस मी तुम्हाला सांगत बसत नाही. काही घडत नाही. तुकोबांचे ओठ फुटलेत. त्यांच्याबरोबर बसलेली काही माणसं अजून तिथंच आहेत, काही उठून गेलीत आणि उठून गेल्याची लाज वाटून दुरून फेऱ्या मारताहेत. हसणारे आता हसत नाहीत, पण एक नवा सूर निघालाय: हे आत्महत्येचं पाप गावावर यायचं. बघा, उपाशी बसलेला माणूस मरू नये म्हणून कुणाला वाटत नाही; तो आपल्या हद्दीत मरू नये असं वाटतं. इथं तुमच्या जिभेवर तेरावा दिवस येईल. गिळा तो.

तेरावा दिवस उजाडतो तो नेहमीसारखाच. पहाटेचा गारवा, भूपाळीचे सूर, गोठ्यांतून हंबरणं. आणि मग डोहाच्या बाजूनं पोरांचा ओरडा.

तुम्ही धावता. सगळं गावच धावतं. पाण्यावर काहीतरी तरंगतंय. पोहणारे दोघे-चौघे उडी मारतात. बासन काठावर येतं, गाठ सुटते, आणि पुढं काय दिसलं ते देहूचं माणूस तुम्हाला आजही सांगेल: पानं कोरडी.

यावर आपल्याकडे दीडेकशे वर्षं वाद चाललाय. लोकांच्या तोंडी होते तेच अभंग पुन्हा लिहून काढले गेले, हाच तो चमत्कार, असं म्हणणारे आहेत. देहूत जपलेल्या ‘भिजकी वही’कडे बोट दाखवणारे आहेत. तुम्ही काठावर आहात, तुम्ही काय पाहिलं ते तुमचं तुम्ही ठरवा. मला त्या वादापेक्षा एक वेगळीच गोष्ट अधिक चक्रावून टाकते, आणि ती बघायची तर गर्दीकडे पाठ फिरवून शिळेकडे परत यावं लागतं.

कारण आता काय व्हायला हवं? तगादा लागू पडला. कुळानं येणं चुकतं केलं, व्याजासकट. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे देवानं गोजिऱ्या सगुण रूपात येऊन मिठी मारली. गाव पायांवर लोळण घेतंय. ज्यांनी डाव टाकला त्यांची तोंडं काळी झालीत. दुसरा कुणी असता तर त्यानं या क्षणाचे पोवाडे केले असते.

तुकोबा माफी मागतात.

हे त्यांच्याच अभंगांतून कळतं, महिपतींच्या ग्रंथातून नाही. त्यांचं म्हणणं असं: मी मोठा अन्याय केला. लोकांच्या बोलण्यानं माझं मन खवळलं आणि त्यापायी मी तुझा अंत पाहिला. मी हलक्या जातीचा, अधम. तेरा दिवस डोळे मिटून बसलो आणि माझ्या तहानभुकेचं कोडं तुझ्या गळ्यात घातलं. तू पाण्यात कागद राखलेस, माझी लोकांतली नाचक्की टाळलीस, आपलं ब्रीद खरं केलंस; पण तुला शीण मी दिला. दुसऱ्या एका अभंगात ते चित्र आणखी पुढं जातं. तिथं विठोबा डोहाच्या पाण्यात वह्या राखत उभा आहे, भिजत, तेरा दिवस. आणि त्याला तसं उभं करणारा मी. यापुढं कुणी माझी मान कापली तरी बेहत्तर, दुष्टांनी खुशाल छळावं, पण तुला शीण होईल असं काही पुन्हा करणार नाही. समर्थाच्या डोक्यावर किती भार घालावा याचा मी विचार केला नाही.

हे ऐकताना तुम्हाला थोडं अवघडल्यासारखं होईल. शिळेवरची ती ताठ मान तुम्हाला आवडली होती. देवाशी भांडणारा तुकोबा आपल्या काळाला सोयीचा आहे. देवाची दमणूक झाली म्हणून कळवळणारा तुकोबा तितका सोयीचा नाही. पण हे दोन्ही एकाच माणसाचे अभंग आहेत आणि दोन्ही त्याच तेरा दिवसांचे. मला वाटतं, धरणं मोडलं ते डोहावर वही तरंगली तेव्हा नाही, इथं मोडलं. सावकाराच्या ध्यानात आलं की आतलं कूळही आपल्याबरोबर उपाशी होतं.

आता थोडी वर्षं ओलांडून पुढं या. जागा तीच, देहू.

रामेश्वरभट्टांची गोष्ट गावात कुणीही सांगेल. पुण्यात एका फकिराच्या, अनगडशहाच्या, पाण्यात ते उतरले आणि त्याच्या शापानं अंगाचा दाह सुरू झाला. ओली वस्त्रं गुंडाळून आळंदीला ज्ञानोबांच्या दारात पडून राहिले. तुकोबांकडून एक अभंग आला, मन शुद्ध असेल तर वैरीही मित्र होतात अशा अर्थाचा, आणि दाह निवला. दाहाचं काहीही असो, माणूस बदलला हे खरं. तेच भट्ट आता तुकोबांच्या कीर्तनाला येतात, आणि त्यांनी केलेली तुकोबांची आरती पुढं शतकानुशतकं म्हटली जाणार आहे. मनापासून विरोध करणाऱ्याला मनापासून वळताही येतं. चुकतोय असं कळलं तेव्हा ते सगळ्यांसमोर वळले.

शेजाऱ्याचं तसं नसतं. देवळाला लागून मंबाजी गोसाव्यांचा मठ आहे. वह्या कोरड्या निघाल्या, भट्ट शरण आले, गाव पायांशी आलं. हे सगळं मंबाजींनी इतरांसारखंच पाहिलं, आणि त्यांचा हेवा काडीनंही कमी झाला नाही. चमत्कारानं मत्सर विझतो ही आपली भाबडी समजूत. उलट तो भडकतो, कारण आता हेवा करण्याजोगं आणखी एक कारण मिळालेलं असतं.

याला साक्षीदार आहे, आणि तीही साधीसुधी नाही. देवळाच्या ओवरीपाशी एक तरुण ब्राह्मण बाई दिसेल, नवऱ्याबरोबर आलेली: बहिणाबाई. कोल्हापुरात असताना जयरामस्वामींच्या कीर्तनांत तिनं तुकोबांची पदं ऐकली, ध्यास घेतला, आणि स्वप्नातच त्यांना गुरू केलं. देहूत आल्यावर मंबाजींनी या कुटुंबाला आपले शिष्य व्हा म्हणून सुचवलं. आमचे गुरू तुकोबा, हे उत्तर ऐकून ते बिथरले. ब्राह्मणाची बायको शूद्राला गुरू करते! त्यांनी या माणसांना छळलं, त्यांची गाय नेऊन बांधली आणि झोडपली. आणि पुण्याला आपाजी गोसाव्यांकडे पत्र धाडलं: देहूत एक शूद्र वाणी कीर्तन करतो, ब्राह्मण त्याच्या पाया पडतात, रामेश्वरभट्टांसारखा योग्यतेचा माणूससुद्धा त्याला वंदन करतो, याचा बंदोबस्त व्हावा. हे सगळं बहिणाबाईनं आपल्या अभंगांत लिहून ठेवलंय. बघितलंत? वाघोलीची तक्रार अक्षर न् अक्षर तीच, फक्त आता वाघोलीकरच आरोपीच्या बाजूला जाऊन बसलेत.

पत्र पुण्याला गेल्याचं तुकोबांच्या कानावर येतं. आणि ते काय करतात? काही नाही. धरणं नाही, वाघोलीसारखी भेट नाही. संध्याकाळ झाली की टाळ काढतात. तेव्हा दिलेला शब्द ते पाळताहेत: आपलं संकट आता देवाच्या अंगावर घालायचं नाही.

अशा वेळी ओवरीत बसलेली माणसं तुम्हाला काटेरी फांदीची गोष्ट सांगतील. मंबाजींनी एकदा तुकोबांना काट्यांनी फोडून काढलं. निमित्त झालं त्यांच्या बागेच्या कुंपणाचं. मारताना शिव्या किती दिल्या त्याला गणती नाही. तुकोबांचाच अभंग आहे त्यावर. काट्यांनी मारवून माझ्यातली क्षमा तपासलीस आणि रागाच्या हातून मला सोडवलंस, ते बरं केलंस, असं ते विठोबाला म्हणतात. महिपती सांगतात की त्या रात्री एकादशीचं कीर्तन होतं. नेहमी ऐकायला येणारे मंबाजी आले नव्हते. हो, ते यायचे; रोज यायचे. मत्सर करणाऱ्याला दूर राहणं जमत नाही, त्याला समोर बसून हिशेब ठेवावा लागतो. जागा रिकामी बघून तुकोबा उठून त्यांच्या मठात गेले, मला मारून तुमचे हात दुखले असतील म्हणाले, आणि अंग चेपायला बसले.

ही गोष्ट ऐकून खोटी नम्रता म्हणायचा मोह मलाही झालाय. पण ती मानभावी नक्कल असती तर मंबाजी शिव्या देऊन मोकळे झाले असते. ते उठले आणि कीर्तनाला गेले, असंच सगळे सांगतात. त्यानं त्यांचा स्वभाव पालटला नाही.

दिवे लागलेत. मृदंगावर थाप पडून सूर जुळतोय, पोरं पुढं घुसताहेत, बहिणाबाई बायकांच्या रांगेत टेकलीय. रामेश्वरभट्ट खांबाशी. तुम्हाला कसंबसं एक बरं ठिकाण सापडलंय, तुकोबा नीट दिसतील असं, तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्यावर बोट टोचतं.

“पाव्हणं, जरा सरका तिकडं. मंबाजीबुवांची जागा हाय ती.”

तुम्ही सरकता. बुवा धोतर सावरून बसतात, कपाळाला आठी, कुणाकडेही न बघता. टाळांचा गजर उठतो. तुमचा ठेका दोनदा चुकतो. बुवांचा एकदाही नाही.